यूएसबी माउसचे रिपोर्ट वाचताना: एम्बेडेड होस्टवर बाइटपासून कर्सरपर्यंत

एका छोट्या मशीनच्या डिस्प्ले पॅनलला माउस जोडायचं काम माझ्याकडे आलं होतं. टेबलावरच्या साध्या वायरवाल्या माउसवर सगळं सुरळीत चाललं. प्रत्यक्ष जागेवर त्यांनी स्वतःचा वायरलेस माउस लावला आणि पॅनल वेड्यासारखं वागायला लागलं. डावं बटण कायम दाबलेलं दिसायचं, कर्सर आडवा सरकायचाच नाही, आणि माउस आडवा हलवला की तो वर-खाली जायचा. माउस अगदी चांगला होता, चुकत माझा कोड होता. माउसच्या प्रत्येक रिपोर्टमध्ये, म्हणजे तो पाठवतो त्या बाइटच्या छोट्या संचात, पहिला बाइट बटणांचा, दुसरा एक्सचा, तिसरा वायचा असं मी गृहीत धरलं होतं. त्या माउसने मात्र पहिल्या बाइटमध्ये रिपोर्ट आयडी, म्हणजे हा कोणता रिपोर्ट ते सांगणारा नंबर, पाठवला होता: ०१. माझ्या कोडने तो ‘डावं बटण दाबलं’ असा वाचला आणि पुढचं सगळं एका घराने सरकलं.

तेव्हापासून मी एक नियम पाळतो. कुठल्या बिटचा अर्थ काय हे माउस स्वतः लिहून देतो, तेव्हा ते आधी वाचायचं आणि मगच बाइटना हात लावायचा. हा लेख त्याच क्रमाने जातो. सी भाषा, बिटवरच्या क्रिया आणि यूएसबीची तोंडओळख एवढं तुमच्याकडे आहे असं धरलंय. हेक्स आकडे ०० ते एफएफ असे देवनागरीतच लिहिले आहेत.

पायरी १: वीज आणि वेग तपासा

होस्ट, म्हणजे माउसला वीज देणारी आणि त्याला विचारणारी बाजू, व्हायचं तर ५ व्होल्ट तुमच्या बोर्डानेच पुरवायला हवेत. बऱ्याच डेव्हलपमेंट बोर्डांचा यूएसबी सॉकेट वीज घेण्यासाठी असतो, देण्यासाठी नसतो. माउसखालचा दिवा लागला नाही तर कोड उघडायच्या आधी मल्टिमीटर लावा.

वायरवाले स्वस्त माउस बहुधा लो-स्पीड असतात. त्यांचा वेग सेकंदाला १.५ मेगाबिट, आणि ते डी-मायनस वायरवर पुल-अप लावून आपली ओळख देतात. वायरलेस डोंगल आणि गेमिंग माउस बहुधा फुल-स्पीड, म्हणजे १२ मेगाबिट. लो-स्पीडवर इंटरप्ट एंडपॉइंटचं, म्हणजे रिपोर्ट ज्या वाटेने येतात तिचं, पाकीट जास्तीत जास्त ८ बाइटचं, फुल-स्पीडवर ६४ बाइटचं. म्हणून ८ बाइटचा बफर धरून लिहिलेला कोड साध्या माउसवर पास होतो आणि डोंगलवर मेमरी खराब करतो. बफर सुरुवातीपासूनच ६४ बाइटचा ठेवा. पहिल्या चाचणीत मध्ये हबही नको, माउस थेट बोर्डाला जोडा.

पायरी २: बरोबर इंटरफेस शोधा

कॉन्फिगरेशन डिस्क्रिप्टरमध्ये, म्हणजे उपकरण स्वतःची माहिती देतं त्या यादीत, प्रत्येक इंटरफेसचे क्लास, सबक्लास आणि प्रोटोकॉल असे तीन आकडे असतात. हिड, म्हणजे माउस-कीबोर्डसारख्या माणसाने हाताळायच्या, उपकरणाचा क्लास ०३. सबक्लास ०१ असेल तर ते बूट प्रोटोकॉल (पायरी ३ मधली साधी, ठरलेली मांडणी) जाणतं. प्रोटोकॉल ०१ म्हणजे कीबोर्ड, ०२ म्हणजे माउस. तेव्हा ०३-०१-०२ दिसलं की बूट माउस सापडला.

अडचण येते ती एका उपकरणात अनेक इंटरफेस असतात तेव्हा. वायरलेस डोंगलमध्ये बरेचदा पहिला इंटरफेस कीबोर्डचा असतो आणि माउस दुसऱ्यावर. गेमिंग माउससुद्धा मॅक्रो बटणांसाठी स्वतःला कीबोर्ड म्हणवून घेतात. पहिलाच हिड इंटरफेस पकडून थांबणारा कोड इथे फसतो. सगळे इंटरफेस फिरून बघा, आणि इंटरफेसचा नंबर व एंडपॉइंटचा पत्ता यांची जोडी जपून ठेवा. पुढच्या सगळ्या विनंत्यांना ती लागणार आहे.

काही माउस ०३-००-०० असेही येतात. त्यांना बूट प्रोटोकॉल देणं बंधनकारक नाही. त्यांच्यासाठी रिपोर्ट डिस्क्रिप्टर, म्हणजे रिपोर्टमधल्या कुठल्या बिटचा अर्थ काय ते सांगणारी यादी, वाचण्यावाचून मार्ग नाही.

पायरी ३: बूट की रिपोर्ट प्रोटोकॉल, हे स्वतः ठरवा

बूट प्रोटोकॉल हा संगणकाच्या बायोससाठी केलेला किमान करार आहे. बाइट ० मध्ये बटणं: बिट ० डावं, बिट १ उजवं, बिट २ मधलं. बाइट १ मध्ये एक्स, बाइट २ मध्ये वाय, दोन्ही चिन्हासह ८ बिटचे. त्यापुढे काय असेल ते त्या त्या माउसवर अवलंबून. चौथ्या बाइटमध्ये चाक असतं असं अनेकजण धरून चालतात, पण या करारात चाकाचं नावही नाही. बूट प्रोटोकॉलमध्ये रिपोर्ट आयडी येत नाही, हा त्याचा मोठा फायदा.

रिसेटनंतर उपकरण रिपोर्ट प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे स्वतःच्या रिपोर्ट डिस्क्रिप्टरमधल्या मांडणीत, असतं. तरीही होस्टने काही गृहीत न धरता हवा तो प्रोटोकॉल मागून घ्यावा, असं हिडचा स्पेसिफिकेशन सांगतो. त्यासाठीची सेट-प्रोटोकॉल विनंती अशी: विनंतीचा प्रकार २१, विनंती ०बी, मूल्य ० म्हणजे बूट किंवा १ म्हणजे रिपोर्ट, इंडेक्समध्ये इंटरफेसचा नंबर. तिच्या जोडीने सेट-आयडल, म्हणजे विनंती ०ए, मूल्य ०, पाठवायची रीत आहे. तिचा अर्थ ‘बदल झाल्याशिवाय रिपोर्ट पाठवू नकोस’. काही माउस तिला स्टॉलने, म्हणजे ‘ही विनंती जमत नाही’ असं, उत्तर देतात. तो स्टॉल बिनधास्त सोडून द्या, त्यावर एन्युमरेशन, म्हणजे उपकरण ओळखून जोडून घेणं, रद्द करू नका.

लायब्ररी वापरत असाल तर ती तुमच्या वतीने काय मागते ते आधी बघा. टायनीयूएसबी या लायब्ररीचा होस्ट बूट इंटरफेसला मुळात बूट प्रोटोकॉलवरच टाकतो. रिपोर्ट प्रोटोकॉल हवा असेल तर ते एन्युमरेशनच्या आधी सांगावं लागतं. डिस्क्रिप्टर रिपोर्ट प्रोटोकॉलचा वाचायचा आणि बाइट बूट प्रोटोकॉलचे घ्यायचे, ही गल्लत फार सहज होते आणि शोधायला दिवस खाते.

निवड कशी करायची? मेनूमधून फिरायला साधा कर्सर हवा असेल तर बूट पुरे. चाक, आडवं स्क्रोल, बाजूची बटणं किंवा अचूक हालचाल हवी असेल तर रिपोर्ट प्रोटोकॉल घ्या. इथे एक हिशेब करून बघा. ८ बिटमध्ये एका रिपोर्टात जास्तीत जास्त १२७ काउंट, म्हणजे माउस मोजतो ते हालचालीचे लहान टप्पे, मावतात. माउस सेकंदाला १२५ वेळा विचारला जात असेल तर १५,८७५ काउंट. १,६०० काउंट प्रति इंचाच्या माउसला हे सेकंदाला सुमारे १० इंच, म्हणजे २५ सेंटिमीटर. हाताचा साधा झटका याहून वेगवान असतो.

पायरी ४: रिपोर्ट डिस्क्रिप्टर मागवा आणि एकदा हाताने वाचा

कॉन्फिगरेशन डिस्क्रिप्टरमध्ये इंटरफेसच्या पाठोपाठ ९ बाइटचा हिड डिस्क्रिप्टर असतो, त्याचा प्रकार २१. त्याच्या शेवटच्या दोन बाइटमध्ये रिपोर्ट डिस्क्रिप्टरची लांबी मिळते. मग विनंती करायची: प्रकार ८१, विनंती ०६, मूल्य २२००, इंडेक्समध्ये इंटरफेस, आणि ती लांबी. विनंतीचा प्रकार ८० टाकला तर प्रश्न इंटरफेसऐवजी पूर्ण उपकरणाला जातो आणि बहुधा स्टॉल येतो.

टायनीयूएसबीमध्ये डिस्क्रिप्टर माउंट कॉलबॅकमध्येच हातात येतो, पण तो एन्युमरेशन बफरपेक्षा मोठा असला तर लांबी शून्य येते. गेमिंग माउसवर हे घडतं. बफर वाढवा. लिनक्सवर हाच डिस्क्रिप्टर सिस फाइल-सिस्टीममधल्या हिड उपकरणांच्या फोल्डरात तयार मिळतो. मी नवा माउस आधी लॅपटॉपला लावून तिथला डिस्क्रिप्टर उतरवून घेतो, म्हणजे बोर्डाने वाचलेला त्याच्याशी ताडून बघता येतो.

आता तीन बटणांच्या माउसचा हा ५० बाइटचा नमुना बघा:

०५ ०१, ०९ ०२, ए१ ०१, ०९ ०१, ए१ ००
०५ ०९, १९ ०१, २९ ०३, १५ ००, २५ ०१, ९५ ०३, ७५ ०१, ८१ ०२
९५ ०१, ७५ ०५, ८१ ०१
०५ ०१, ०९ ३०, ०९ ३१, १५ ८१, २५ ७एफ, ७५ ०८, ९५ ०२, ८१ ०६
सी०, सी०

यात ‘वापर’ म्हणजे एखाद्या आकड्याचा अर्थ, ‘पान’ म्हणजे अशा वापरांची यादी, आणि ‘नग’ म्हणजे असे किती आकडे. पहिली ओळ म्हणते: जेनेरिक डेस्कटॉप पान, वापर माउस, ॲप्लिकेशनचा गट उघडला, वापर पॉइंटर, आतला गट उघडला. दुसरी ओळ: बटणांचं पान, बटण १ ते ३, किंमत ० ते १, नग ३, प्रत्येकी १ बिट, आणि ८१ ०२ म्हणजे ‘हे इनपुट आहे’. तिसरी: ५ बिटचा १ नग, पण ८१ ०१ म्हणजे स्थिर, फक्त जागा भरायला. चौथी: पुन्हा डेस्कटॉप पान, एक्स हा ३०, वाय हा ३१, किंमत -१२७ ते १२७, ८ बिटचे २ नग, आणि ८१ ०६ म्हणजे सापेक्ष इनपुट. शेवटी दोन्ही गट बंद. चाक असेल तर वायनंतर ०९ ३८ येतं आणि नग ३ होतात.

एक डिस्क्रिप्टर असा कागदावर पेनाने सोडवून बघाच. अर्धा तास जाईल. नंतर पार्सर लिहिताना प्रत्येक ओळ कशासाठी आहे हे कळलेलं असेल.

पायरी ५: छोटा पार्सर लिहा

पूर्ण हिड पार्सरची गरज नसते. माउसपुरता दीड-दोनशे ओळींत होतो.

प्रत्येक आयटमचा पहिला बाइट असा फोडायचा: खालचे २ बिट पुढच्या डेटाची लांबी (० १ २ म्हणजे तितकेच बाइट, पण ३ म्हणजे ४ बाइट), त्यावरचे २ बिट प्रकार (० मुख्य, १ ग्लोबल, २ लोकल), वरचे ४ बिट टॅग. ग्लोबल गोष्टी, म्हणजे पान, किमान-कमाल किंमत, आकार, नग आणि रिपोर्ट आयडी, बदलेपर्यंत टिकतात. लोकल गोष्टी, म्हणजे वापर आणि वापराची किमान-कमाल, प्रत्येक मुख्य आयटमनंतर पुसल्या जातात. न पुसल्यास बटणांचे वापर एक्सवर चढतात. माझ्या पहिल्या पार्सरमध्ये हीच चूक होती.

इनपुट आयटम, म्हणजे ८१, आला की जितके नग तितक्यांदा फिरा. स्थिर असेल तर फक्त बिटची जागा पुढे सरकवा. नसेल तर पान व वापर बघून नोंद करा: कुठल्या बिटपासून सुरू, किती बिट, चिन्ह आहे का. वापर कमी आणि नग जास्त असतील तर शेवटचा वापर उरलेल्या सगळ्यांना लागू होतो. चिन्ह आहे की नाही हे किमान किंमत ऋण आहे का यावरून ठरतं, म्हणून किमान-कमाल वाचतानाच त्यांचं चिन्ह जपा: एका बाइटातलं ८१ म्हणजे -१२७.

तीन ठिकाणी विशेष लक्ष ठेवा. ८५ हा टॅग दिसला म्हणजे रिपोर्ट आयडी आहेत. मग प्रत्येक आयडीचा बिट-मोजणारा वेगळा, आणि येणाऱ्या प्रत्येक रिपोर्टचा पहिला बाइट आयडीचा. दुसरं, बी१ म्हणजे फीचर आणि ९१ म्हणजे आउटपुट. त्यांचे बिट इनपुटच्या मोजणीत मिसळायचे नाहीत. मुलायम स्क्रोलवाल्या माउसमध्ये चाकाच्या आगेमागेच असा फीचर आयटम बसलेला असतो, आणि तो मोजला तर चाक चुकीच्या जागी सापडतं. तिसरं, ए४ आणि बी४ म्हणजे ग्लोबल अवस्था साठवणं आणि परत आणणं. त्यासाठी दोन-चार घरांचा छोटा स्टॅक ठेवा. आडवं स्क्रोल हवं असेल तर ते कन्झ्युमर पानावर, म्हणजे ०५ ०सी नंतर, ०ए ३८ ०२ असं येतं.

अनोळखी पानं, उदाहरणार्थ एफएफ०० पासूनची कंपन्यांची खासगी पानं, नोंद न करता सोडा. पण त्यांचे बिट मोजा.

पायरी ६: बिट बाहेर काढा, चिन्ह जपा

आता खऱ्या रिपोर्टकडे येऊ. वरच्या नमुन्यात चाक वाढवलेल्या माउसकडून ‘०० ०५ एफई ००’ आलं. बटण नाही, एक्स ५ म्हणजे उजवीकडे, वाय -२ म्हणजे वर. हिडमध्ये वाय धन असतो तो वापरणाऱ्याकडे, म्हणजे पडद्यावर खाली. जुन्या पीएस-टू माउसमध्ये हे नेमकं उलटं होतं. तिथला कोड उचलून आणलात तर कर्सर उलटा धावेल. चाक पुढे, आपल्यापासून दूर, फिरवलं की धन येतं.

चिन्हाची सर्वांत सामान्य चूक एआरएमवर होते. जीसीसीमध्ये एआरएमसाठी साधा ‘कॅर’ प्रकार बिनचिन्हाचा असतो, लॅपटॉपवरच्या एक्स८६ला तो चिन्हासह असतो. त्यामुळे लॅपटॉपवर तपासलेला कोड बोर्डावर -२ ला २५४ म्हणतो, आणि कर्सर डावीकडे किंवा वर सरकण्याऐवजी उलट कडेला जाऊन आपटतो. प्रकार नेहमी ८ बिटचा चिन्हासह असा स्पष्ट लिहा. मी एका प्रचलित होस्ट लायब्ररीतही एक्स आणि वाय बिनचिन्हाच्या बाइटात ठेवलेले पाहिले आहेत. तिथे वापरताना आपणच रूपांतर करायचं.

८ बिटपलीकडे खरी मजा आहे. बऱ्याच माउसमध्ये एक्स-वाय १२ बिटचे असतात. डिस्क्रिप्टरमध्ये ते १६ ०१ एफ८ (-२०४७), २६ एफएफ ०७ (२०४७), ७५ ०सी असे ओळखू येतात. समजा रिपोर्ट आला:

०१ ०० एफबी ३एफ ०० ००

०१ हा रिपोर्ट आयडी. ०० बटणं. पुढच्या तीन बाइटात दोन १२ बिटचे आकडे. हिडमध्ये खालचा बिट आधी येतो, म्हणून एक्सचे खालचे ८ बिट एफबी, आणि वरचे ४ बिट पुढच्या बाइटच्या खालच्या अर्ध्यातले एफ. एक्स झाला एफएफबी, म्हणजे ४०९१. वायचे खालचे ४ बिट त्याच बाइटच्या वरच्या अर्ध्यातले ३, वरचे ८ बिट ००. वाय झाला ३. एक्सचा सर्वांत वरचा बिट १ आहे, म्हणून ४०९६ वजा करा: -५. माउस पाच काउंट डावीकडे आणि तीन खाली गेला. शेवटचा ०० चाकाचा.

हाच रिपोर्ट बूटच्या डोळ्यांनी वाचला तर डावं बटण दाबलेलं, एक्स शून्य, वाय -५. सुरुवातीला सांगितलेला गोंधळ तो हाच.

प्रत्येक माउससाठी वेगळं सूत्र लिहीत बसू नका. एकच फंक्शन ठेवा: सुरुवातीचा बिट आणि आकार द्यायचा, ते आकाराइतक्या वेळा फिरून बिटचा नंबर भागिले ८ या बाइटातला, उरलेल्या बाकीच्या जागेवरचा बिट उचलून निकालात त्याच्या स्थानी ठेवेल. शेवटी किमान किंमत ऋण असेल आणि वरचा बिट १ असेल तर २ चा आकाराइतका घात वजा करेल. ८, १२, १६ बिट सगळे यातूनच निघतात. सेकंदाला १,००० रिपोर्ट आले तरी साध्या कॉर्टेक्स-एम० ला हे ओझं होत नाही.

वाचण्याआधी प्रत्यक्ष आलेली लांबी तपासा. आयडी ओळखीचा नसेल किंवा रिपोर्ट अपेक्षेपेक्षा छोटा असेल तर तो सोडून द्या.

पायरी ७: रिपोर्ट हरवू नका, पुन्हा वापरू नका

माउस आपली जागा सांगत नाही, मागच्या रिपोर्टनंतर किती सरकला एवढंच सांगतो. एक रिपोर्ट हरवला तर ती हालचाल कायमची गेली. आणि एकच रिपोर्ट दोनदा वाचला तर कर्सर आपोआप वाहत राहतो. मुख्य लूपमधून बफर सतत वाचणाऱ्या कोडचा हा हमखास आजार आहे. नवा रिपोर्ट आल्याची खूण असेल तेव्हाच वाचा.

माउस स्थिर असताना तो होस्टला नॅक, म्हणजे ‘आत्ता सांगण्यासारखं काही नाही’ असं उत्तर, देतो, बाइट येतच नाहीत. याला बिघाड समजू नका. टाइमआउट लावून उपकरण तुटलं असं ठरवलंत तर माउस शांत ठेवल्यावर दर थोड्या वेळाने पुन्हा एन्युमरेशन होत बसेल. टायनीयूएसबीमध्ये प्रत्येक रिपोर्टनंतर पुढचा रिपोर्ट आपण मागावा लागतो. तो मागायचा राहिला तर फक्त एकच रिपोर्ट येतो आणि सगळं गप्प होतं. स्वतःचा ड्रायव्हर लिहीत असाल आणि एक सोडून एक रिपोर्ट गायब होत असेल, तर डेटा-टॉगलकडे, म्हणजे पाकिटांवरच्या आळीपाळीने बदलणाऱ्या ०-१ खुणेकडे, बघा: कॉन्फिगरेशन झाल्यावर तो डेटा-० पासून सुरू होतो आणि यशस्वी पाकिटानंतरच बदलतो, नॅकनंतर नाही.

पडदा सेकंदाला ३० वेळा रंगवता आणि रिपोर्ट १२५ वेळा येतात, तेव्हा कॉलबॅकमध्ये फक्त बेरीज करा. एक्स, वाय आणि चाक यांचे ३२ बिटचे तीन जमा-खाते ठेवा. मुख्य लूपने क्षणभर इंटरप्ट थांबवून ती बेरीज घ्यावी आणि शून्य करावी. पडद्याच्या कडेची मर्यादा बेरीज केल्यानंतर लावायची, आधी नाही.

बटणांना बेरीज लागू होत नाही. फक्त शेवटची अवस्था ठेवली तर दोन फ्रेममधला झटपट क्लिक हरवतो. जुनी आणि नवी अवस्था यांचा एक्स-ऑर घ्या, म्हणजे बदललेले बिट मिळतात. त्यांचा नव्याशी अँड केला की ‘आत्ता दाबलेली’, जुन्याशी अँड केला की ‘आत्ता सोडलेली’. हे दोन्ही फ्रेम संपेपर्यंत ऑरने साठवत जा. माउस ओढून काढला की सगळी बटणं सोडली असं धरा. मशीनच्या पॅनलवर ही गोष्ट मी सर्वांत महत्त्वाची मानतो, कारण बटण दाबलेलं असताना केबल निघाली तर स्क्रीनवरचं ‘पुढे सरकव’ बटण दाबलेलंच राहतं आणि मशीन चालत राहतं.

पायरी ८: तपासणी

कर्सर काढायच्या आधी कच्चे बाइट आणि त्यांचा लावलेला अर्थ शेजारी शेजारी सिरियलवर छापा. छपाई कॉलबॅकमध्ये करू नका, रांगेत टाकून मुख्य लूपमधून करा, नाहीतर १,१५,२०० बॉडच्या पोर्टसाठी थांबून रिपोर्ट उशिरा मागितले जातील.

मग पट्टीच्या कडेने माउस १० सेंटिमीटर सरळ उजवीकडे सरकवा आणि बेरीज बघा. १,००० काउंट प्रति इंचाच्या माउसला साधारण ३,९०० च्या आसपास यायला हवेत. पुष्कळ कमी आले तर रिपोर्ट हरवताहेत किंवा ८ बिटची कमाल गाठली जातेय, म्हणून हेच आधी हळू आणि मग झटक्याने करून दोन्ही आकडे ताडा. प्रत्येक बटण वेगळं, मग दोन एकदम. चाक एक खाच पुढे, एक मागे: साध्या माउसला +१ आणि -१. शेवटी डावं बटण दाबून धरलेलं असतानाच माउस उपटा, पुन्हा लावा, आणि बटण सुटलेलं दिसतं का ते बघा. साधा वायरवाला, वायरलेस डोंगलवाला आणि गेमिंग असे तीन वेगळे माउस या सगळ्यातून पार पडले की मगच मी कोड पॅनलमध्ये घालतो.